बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ बाबूराव पेंटर (जन्म : कोल्हापूर, ३ जून १८९०, मृत्यू : कोल्हापूर, १६ जानेवारी १९५४) हे मराठी चित्रकार, शिल्पकार, चित्रपट-दिग्दर्शक आणि तंत्रज्ञ होते. कोल्हापुरातील महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ते संस्थापक. भारतात चित्रपटाचा आरंभ दादासाहेब फाळके यांनी केला हे सर्वमान्य आहे. चित्रपट हे एक चित्र आहे, त्यात पुढचे-मागचे, उजेडाचे-अंधाराचे, स्पष्टाचे-धूसराचे नाते कलावंताने ठरवायचे असते, ही जाण मात्र मूकपटात बाबूरावांनी आणली. रंगभूमीचे पडदे रंगवून कापडावर खोलीचा भास निर्माण करणाऱ्या या माणसाने पुढे तोच पडदा कॅमेऱ्यासमोरून काढून टाकला. त्यांच्या कामाचे मर्म याच पालटात शोधावे लागते.

घराणे आणि जडणघडण

बाबूरावांचे वडील कृष्णराव मेस्त्री हे कसबी कारागीर होते. सुतारकाम, लोहारकाम, चित्रकला, मूर्तिकाम, हस्तिदंती कोरीवकाम अशा अनेक कलांत त्यांचा हात चालत असे. घरात हत्यारे आणि कुंचले शेजारी-शेजारी असल्याने चित्रकार वेगळा आणि यंत्राचा कारागीर वेगळा, ही विभागणी बाबूरावांच्या मनात कधी रुजलीच नाही. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. चित्र, शिल्प, छायाचित्रण, यंत्रदुरुस्ती हे सारे ते पाहून आणि करून शिकले.

त्यांचे चुलतबंधू आनंदराव मेस्त्री हे या शिक्षणातले त्यांचे सोबती आणि काही अंशी गुरूही होते. दोघे मिळून काम करीत, आणि त्या कामावरूनच मेस्त्री हे आडनाव मागे पडून दोघांनाही पेंटर हे नाव चिकटले. त्या काळचे कोल्हापूर अशा माणसांना पोसणारे होते. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाने गायक, मल्ल, नट, चित्रकार यांना गावात स्थान होते. आबालाल रहिमान यांच्यासारखा थोर निसर्गचित्रकार त्याच गावात, रंकाळ्याच्या परिसरात चित्रे काढीत होता.

रंगवलेल्या पडद्याची खोली

साधारणपणे १९१० ते १९१६ या काळात आनंदराव आणि बाबूराव हे मराठी संगीत रंगभूमीचे पडदे रंगविणारे अग्रगण्य कलावंत होते. किर्लोस्कर नाटक मंडळी, केशवराव भोसले यांची ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या कंपन्यांसाठी त्यांनी काम केले. आजच्या वाचकाला त्या पडद्यांचे महत्त्व चटकन कळणार नाही. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा, उद्यानाचा पडदा असे संच प्रत्येक कंपनीकडे असत आणि पडदा उलगडताच प्रेक्षागृहातून टाळ्या पडत. खांबांच्या रांगा दूर जाताना लहान होत जाव्यात, दूरची झाडे निळसर आणि पुसट दिसावीत, जवळची कमान ठळक असावी, या साऱ्या यथादर्शनाच्या युक्त्या वापरून चित्रकार काही हात लांबीच्या कापडावर कोसभर अंतर उभे करी.

हा भास एका ठरावीक जागेवरून, म्हणजे प्रेक्षकाच्या खुर्चीतून, आणि त्या वेळच्या मंद दिव्यांत पाहण्यासाठी होता. तेथे तो खरा वाटे. जागा, उजेड किंवा पाहणारा डोळा बदलला की तो फसे. पडदे रंगविताना मिळालेले हे ज्ञान बाबूरावांना पुढे चित्रपटात उपयोगी पडले.

या जुन्या पद्धतीची खूण पुष्कळ काळ टिकून होती. गडहिंग्लजसारख्या तालुक्याच्या गावी जुन्या फोटो स्टुडिओत काढलेली कौटुंबिक छायाचित्रे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मागचा कारंजे आणि कठड्यांचा रंगीत पडदा आठवेल. त्यावरील डोंगर आणि खुर्चीत बसलेली आजी दोन्ही सारखीच रेखीव दिसतात आणि म्हणूनच डोंगर खोटा वाटतो.

चलच्चित्राचा ध्यास आणि देशी कॅमेरा

१९१३ साली फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. तो पाहून आनंदराव आणि बाबूराव यांना चित्रपट काढण्याचा ध्यास लागला. त्यांनी मुंबईहून एक वापरलेला प्रोजेक्टर आणला, चित्रपट दाखविण्याचा व्यवसाय केला आणि त्याच वेळी यंत्र उघडून त्याची रचना अभ्यासिली. प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच तत्त्वावर चालणारी यंत्रे आहेत. दोन्हींत फिल्म झटक्याने पुढे सरकते, क्षणभर थांबते, आणि त्या क्षणी उजेड आत किंवा बाहेर जातो. ही मेख कळल्यावर आपणच कॅमेरा बनवू, असे दोघांनी ठरविले. परदेशी कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता, हेही त्यामागचे एक कारण होते.

कॅमेरा पुरा होण्यापूर्वीच, १९१६ मध्ये, आनंदरावांचे निधन झाले. पडद्याच्या कामातला आणि स्वप्नातला जोडीदार एकाच वेळी गेला. बाबूरावांनी ते काम सोडले नाही. विष्णुपंत दामले या यंत्रकुशल शिष्याला बरोबर घेऊन त्यांनी १९१८ पर्यंत चालता कॅमेरा सिद्ध केला. मूकपटाच्या काळातला कॅमेरा हाताने फिरवावा लागे. सेकंदाला साधारण दोन फेरे आणि दर फेऱ्याला आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला सोळा चित्रे, हा त्याचा ठेका असे. हाताचा वेग कमीजास्त झाला की पडद्यावरची माणसे धावू किंवा रेंगाळू लागत. दात्यांची चाके, दट्ट्या, झडप यांत केसभर चूक झाली तरी चित्र थरथरे. कोल्हापुरातल्या कारागिरांनी हे यंत्र उभे केले, ही गोष्ट हिंदी चित्रपटाच्या इतिहासात पहिल्या प्रतीची मानावी लागेल. तिची आठवण म्हणून कोल्हापुरात आजही महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनादिनी कॅमेऱ्याचे पूजन होते.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

कंपनीची स्थापना १९१७ च्या अखेरीची धरली जाते. १ डिसेंबर हा तिचा स्थापनादिन म्हणून पाळला जातो. भांडवलासाठी प्रसिद्ध गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. सावकार आणि व्यापारी ज्या धंद्याकडे संशयाने पाहत होते, त्यात एका गायिकेने पैसा घातला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. दामले, शेख फत्तेलाल, बाबूराव पेंढारकर, केशवराव धायबर आणि १९२० मध्ये आलेले व्ही. शांताराम अशी माणसे या कंपनीत घडली. कंपनीत कोणाला एकच काम नसे. नट रंगाचे डबे उचली, चित्रकार फिल्म धुई आणि यंत्रकार प्रसंगी भूमिकाही करी.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्यात आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. महाभारताच्या विराटपर्वातील कीचकवधाची ही कथा होती. याच कथेवरील कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने बंदी घातली होती, त्यामुळे विषय प्रेक्षकांच्या मनात आधीच पेटलेला होता. पडद्यावरील भीमाच्या हातून होणारा वध इतका खरा वाटला की, तो भाग पुढे कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळकांचे निधन झाले.

‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी अनुक्रमे कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी पडद्यावर आल्या. पडद्यावर येण्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली. समाजाने त्यांना दूर लोटले आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आश्रय घ्यावा लागला. कंपनीच्या यशाच्या कथा सांगताना ही बाजू बहुधा गाळली जाते.

पडद्याऐवजी नेपथ्य

बाबूरावांची सर्वांत दूरगामी सुधारणा म्हणजे रंगवलेल्या पडद्याच्या जागी त्यांनी लांबी, रुंदी आणि खोली असलेले खरे नेपथ्य उभे केले. खांब, कमानी, पायऱ्या, दालने ही माणूस ज्यांच्यामधून चालू शकेल अशी बांधली जाऊ लागली. चित्रण सुरू होण्याआधी पात्रांचे पोशाख, ठेवण आणि हालचाली यांची रेखाटने ते स्वतः काढीत. स्वतः उत्तम पडदे रंगविणाऱ्या माणसाने पडदा का टाकून द्यावा, हे समजण्यासाठी भिंगाचे गणित थोडक्यात पाहिले पाहिजे.

छायाचित्रणात कोणतेही भिंग एका वेळी एकाच अंतरावर काटेकोर फोकस करते. त्या अंतराच्या थोडे अलीकडे आणि थोडे पलीकडे असलेल्या वस्तू आपल्या डोळ्याला स्पष्ट भासतात. त्याच्या बाहेरच्या धूसर होतात. स्पष्ट भासणाऱ्या या पट्ट्याला डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात. मराठीत त्यास स्पष्टतेची खोली म्हणता येईल. ती तीन गोष्टींवर अवलंबून असते : भिंगाचे छिद्र किती उघडे आहे, भिंगाची नाभीय लांबी किती आहे आणि वस्तू किती अंतरावर आहे. छिद्र मोठे, भिंग लांब आणि वस्तू जवळ असेल तर पट्टा अरुंद होतो. उदाहरणार्थ, ५० मिलिमीटर नाभीय लांबीचे भिंग ३५ मिलिमीटरच्या चित्रपट-फिल्मवर वापरून २ मीटरवरील माणसावर फोकस केले आणि छिद्र एफ-२ इतके उघडे ठेवले, तर स्पष्टतेचा पट्टा सुमारे १६ सेंटीमीटरचा, म्हणजे एका वितीहूनही कमी असतो. माणसाचा चेहरा रेखीव येतो, मागची भिंत विरघळते. तेच छिद्र एफ-१६ पर्यंत बारीक केले तर पट्टा सुमारे १.४ मीटरचा होतो आणि मागचे पुष्कळसे सामान ओळखू येऊ लागते.

प्रकाश आणि छिद्र यांचा संबंध उलटा आहे. भरपूर ऊन असेल तर छिद्र बारीक ठेवावे लागते आणि जवळचे-दूरचे सारेच स्पष्ट येते. आरंभीचे मूकपट उन्हातच चित्रित होत. परिणामी मागच्या पडद्यावरील कुंचल्याचे फटकारे, कापडाच्या सुरकुत्या, वाऱ्याने आलेली थरथर हे सारे नटाच्या चेहऱ्याइतकेच ठळक दिसे. नटाची सावली रंगवलेल्या आकाशावर पडे आणि आकाश किती हातांवर आहे ते उघड होई. उलट, छिद्र उघडून पडदा धूसर करावा तर त्यावरील जवळचा खांब आणि दूरचा डोंगर दोन्ही सारख्याच प्रमाणात धूसर होत, कारण दोन्ही एकाच कापडावर. खऱ्या दृश्यात जवळचा खांब कमी आणि दूरचा डोंगर जास्त धूसर होतो. डोळा यथादर्शनाला फसतो, भिंग फसत नाही. त्याला प्रत्यक्ष अंतरच लागते. खोलीचे नेपथ्य बांधले की हे अंतर आपोआप मिळते. पुढचा खांब, मधला नट, मागचे दालन अशी पातळी-पातळीने स्पष्टता उतरत जाते आणि प्रेक्षकाची नजर न सांगता योग्य जागी स्थिरावते.

आज मोबाइलमधील पोर्ट्रेट मोडने मागचा भाग धूसर करणाऱ्या विद्यार्थ्याला हेच तत्त्व वेगळ्या मार्गाने अनुभवता येते. मोबाइलचे भिंग फार लहान असल्याने मागचे सहसा स्पष्टच येते, म्हणून यंत्र गणित करून माणूस वेगळा काढते आणि बाकीचे पुसट करते. केसांच्या कडेला किंवा चष्म्याच्या काचेत ते पुष्कळदा चुकते. पडदा रंगविणाऱ्याचा पेच शंभर वर्षांनी पुन्हा उभा राहिला आहे, एवढेच.

धूसरतेचा कलात्मक उपयोग जगात इतरत्रही वादाचा ठरला होता. कलकत्त्यात १८१५ मध्ये जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरून यांनी इंग्लंडमध्ये १८६३ च्या सुमारास, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, छायाचित्रण सुरू केले. त्यांच्या व्यक्तिचित्रांत डोळे किंवा गालाचा एखादा भाग तेवढा स्पष्ट आणि बाकीचा चेहरा मऊ असे. समकालीन छायाचित्रकारांनी त्यास तंत्राचे अज्ञान ठरविले, पण पुढच्या पिढ्यांनी त्यालाच कला मानले. बाबूरावांचा प्रवास याहून निराळा होता. कॅमेरून छायाचित्रातून चित्रकलेकडे पाहत होत्या, तर बाबूराव चित्रकलेतून कॅमेऱ्याकडे आले.

उजेड आणि अंधार

नेपथ्यापाठोपाठ प्रकाशाचा प्रश्न आला. हरि नारायण आपटे यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीवर आधारलेला ‘सिंहगड’ (१९२३) या चित्रपटात बाबूरावांनी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. तानाजी मालुसरे यांच्या रात्रीच्या चढाईची कथा भर उन्हात काढणे हास्यास्पद झाले असते. दिव्यांनी दिग्दर्शकाला सूर्याच्या ताबेदारीतून सोडविले. कोणता भाग उजळायचा आणि कोणता काळोखात सोडायचा, हे आता माणसाच्या हाती आले. दिव्यांचा उजेड उन्हाच्या मानाने क्षीण असल्याने छिद्रही अधिक उघडावे लागे आणि स्पष्टतेचा पट्टा आपोआप अरुंद होई. मग नटाने ठरल्या जागेवरून पाऊलभर पुढे येणेही महागात पडे. भिंगापासून नटापर्यंतचे अंतर मोजूनच काम करावे लागे.

त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला जवळजवळ आंधळी होती. तांबडे पागोटे पडद्यावर काळे दिसे आणि निळे आकाश पांढरेफटक. रंगांकडे करड्या छटांच्या रूपात पाहण्याची सवय असलेल्या चित्रकारालाच या फिल्मशी नीट जुळवून घेता आले असते. ‘सिंहगड’ला एवढी गर्दी लोटली की, मुंबई इलाख्यातील करमणूक कराची कल्पना सरकारला त्यावरूनच सुचली, असे सांगितले जाते. तो कर १९२३ मध्येच लागू झाला, हे खरे.

‘सुरेखाहरण’ (१९२१) या चित्रपटातून शांतारामांनी पडद्यावर पदार्पण केले. ‘भगवद्भक्त दामाजी’ (१९२२) आणि ‘कल्याण खजिना’ (१९२४) हे या काळातील इतर उल्लेखनीय चित्रपट. ‘कल्याण खजिना’ला लंडनजवळील वेम्बली येथील प्रदर्शनात पदक मिळाले. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका बाबूराव १९२१-२२ पासूनच काढीत असत आणि भित्तिचित्रे स्वतः रंगवीत. पडद्यासाठीचा हात असा जाहिरातीच्या कामी आला.

‘सावकारी पाश’

१९२५ सालचा ‘सावकारी पाश’ हा बाबूरावांचा सर्वश्रेष्ठ मूकपट मानला जातो. कथा नारायण हरि आपटे यांची. (‘सिंहगड’चे हरि नारायण आपटे ते वेगळे, नावांच्या उलटापालटीमुळे या दोन लेखकांची गल्लत नेहमी होते.) कर्जापायी सावकाराच्या जाळ्यात सापडलेला शेतकरी जमीन गमावतो आणि शहरात जाऊन गिरणी कामगार होतो, एवढीच ही कहाणी. तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली. देव, राक्षस आणि चमत्कार यांच्या गर्दीत हा चित्रपट एकटा उभा होता. सावकारीचा प्रश्न दख्खनला नवा नव्हता. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या आणि त्यानंतर १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला होता. मात्र तो प्रश्न पडद्यावर येण्यास पुढे पंचेचाळीस-पन्नास वर्षे जावी लागली.

चित्रपटातील एक दृश्य पाहणाऱ्यांच्या मनावर कोरले गेले. मंद, काळोख्या उजेडात एक भकास झोपडी आणि तेथे रडणारे एक कुत्रे. मूकपटात कुत्र्याचा आवाज ऐकू येणे शक्यच नव्हते, तरी दृश्याच्या उदासपणाने तो ऐकू आल्यासारखे होई. निर्माते जे. बी. एच. वाडिया यांना अर्धशतकानंतरही ते दृश्य आठवत होते. यात युक्ती अशी काहीच नाही. बहुतेक चौकट अंधारात सोडून दिलेली, दाखवायचे तेवढेच दाखविलेले. पडद्यावर इंच-इंच भरून रंगविणाऱ्या कारागिराला चौकटीतला बहुतांश भाग रिकामा ठेवण्याचे धैर्य येणे ही मोठी मजल होती. चित्रपटाची समीक्षकांनी प्रशंसा केली. प्रेक्षकांनी मात्र पाठ फिरविली. पौराणिक कथांना सरावलेल्या लोकांना आपलेच दैन्य तिकीट काढून पाहावेसे वाटले नाही. कंपनी पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळली.

शिष्यांचे प्रस्थान आणि बोलपट

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे चौघेही कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या भांडवलावर १ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. ज्याच्यासोबत कॅमेरा घडविला तो शिष्यही गेला. महाराष्ट्र फिल्म कंपनीला ही तूट भरून काढता आली नाही. प्रभातने पुढे मिळविलेले यश सर्वज्ञात आहे. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्या चित्रपटातील घरे, गल्ल्या आणि माणसांचा साधा खरेपणा यांचा उगम शोधायचा तर तो बाबूरावांच्या कार्यशाळेपर्यंत जातो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि बोलपटाचे युग सुरू झाले. बाबूरावांना त्याचे आकर्षण नव्हते. इतक्या कष्टाने घडविलेली दृश्यभाषा आवाजाच्या भरात बुडून जाईल, अशी त्यांची धारणा होती. आरंभीच्या बोलपटांकडे पाहिले तर ही भीती अनाठायी म्हणता येत नाही. मायक्रोफोनच्या धाकाने कॅमेरा एका जागी जखडला गेला आणि नट रंगभूमीवरच्यासारखे ओळीने उभे राहून बोलू-गाऊ लागले. तरीही पुढील काही वर्षांत ध्वनीचे तंत्र सुधारले आणि कॅमेरा पुन्हा मोकळा झाला. तोवर महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली होती.

बाबूरावांनी बोलपट काढलेच नाहीत असे नाही. ‘उषा’ (१९३५), ‘सावकारी पाश’ची बोलती आवृत्ती (१९३६) आणि ‘प्रतिभा’ (१९३७) हे त्यांपैकी महत्त्वाचे. ‘प्रतिभा’ उपलब्ध आहे. भव्य नेपथ्य, प्रकाशयोजना आणि जमावाची दृश्ये यांवरील त्यांची पकड त्यात दिसते. शांतारामांच्या निमंत्रणावरून ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटाच्या दिग्दर्शनातही त्यांचा सहभाग होता. मूक ‘सावकारी पाश’चा नट आता निर्माता होता आणि त्याचा दिग्दर्शक आता त्याच्या निमंत्रणावरून आलेला होता. दोघांच्याही दृष्टीने हा प्रसंग सोपा नसावा.

चित्रे आणि शिल्पे

चित्रपटांच्या धकाधकीतून बाबूराव पुन्हा-पुन्हा चित्र आणि शिल्प यांकडे परतत. देवदेवता आणि व्यक्तिचित्रे हे त्यांचे आवडते विषय. त्यांच्या तैलचित्रांत कडा कापल्यासारख्या नसतात. रंग एकमेकांत हळुवार मिसळतात, आकृती सभोवतालच्या धूसर वातावरणातून वर आल्यासारखी वाटते आणि चेहऱ्यावर तेवढा प्रकाश एकवटतो. छायाचित्रकार उघड्या छिद्राने जे साधतो तेच येथे कुंचल्याने साधलेले आहे. ही मऊ छटा त्यांनी कॅमेऱ्यापासून घेतली की कॅमेऱ्याला त्यांनी ती शिकविली, या प्रश्नात फारसा अर्थ नाही. पाहण्याची रीत एकच होती.

कोल्हापुरातील शिवाजी चौकात असलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा (१९४५) बाबूरावांनी घडविला. त्या जागी पूर्वी मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता आणि बेचाळिसच्या चळवळीत तो विद्रूप करण्यात आला होता. त्यांचे पुत्र रवींद्र मेस्त्री हेही शिल्पकार आणि चित्रकार म्हणून नावारूपास आले.

स्मृती

बाबूरावांना कलामहर्षी या नावाने गौरविले जाते. कोल्हापुरातील कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटी ही संस्था त्यांच्या नावाने चालते आणि कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरविते. कंपनीच्या आठवणीसाठी खरी कॉर्नर येथे कॅमेऱ्याचे स्मारक उभारले आहे.

त्यांच्या मूकपटांपैकी फारच थोडे अवशेष उरले आहेत. मूळ ‘सावकारी पाश’ही आज पाहता येत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती लवकर पेट घेई, उष्ण हवेत कुजे आणि तिच्यातील चांदीसाठी ती वितळविलीही जाई. जुन्या चित्रपटाला पुढे किंमत येईल, असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते. त्यामुळे बाबूरावांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्याला ‘प्रतिभा’, काही स्थिरचित्रे, पुस्तिका, समकालीनांच्या आठवणी आणि त्यांची तैलचित्रे यांवरच मुख्यतः विसंबावे लागते.